सिनेमातली गोऱ्या-काळ्याची दोस्ती: किंमत कोण मोजतं?

फुरसतराव

मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय, म्हटलं एकदाचा धागा काढूनच टाकू. वर्णभेद, वसाहती, स्थलांतर असल्या विषयांवरचे सिनेमे मी मुद्दाम शोधून बघतो, आणि त्यात एक प्रकार असा आहे की बघताना मस्त वाटतं, डोळेबिळे पण पाणावतात, आणि दुसऱ्या दिवशी उगाच कोणीतरी आपल्याला गंडवल्यासारखं वाटायला लागतं.

प्रकार कुठला ते कळलं असेलच. एक गोरा, एक काळा. किंवा एक साहेब, एक नेटिव्ह. आधी दोघांचं अजिबात पटत नाही, मग काहीतरी कारणाने एकत्र राहावं लागतं (बहुतेक वेळा गाडीतून लांबचा प्रवास), मग एक प्रसंग येतो जिथे गोरा काळ्याच्या बाजूने उभा राहतो, आणि शेवटी मिठी. 'ड्रायव्हिंग मिस डेझी' घ्या, 1989 चा. श्रीमंत म्हातारी आणि तिचा काळा ड्रायव्हर, बेस्ट पिक्चरचं ऑस्कर. त्याच वर्षीचा, स्पाइक ली या काळ्या दिग्दर्शकाचा 'डू द राइट थिंग' बेस्ट पिक्चरच्या नामांकनात पण नव्हता. मग तीसेक वर्षांनी 'ग्रीन बुक'. इथे जागा बदलल्या, गाडी गोरा चालवतो आणि मागे काळा पियानोवादक बसतो, 1962 चा अमेरिकेच्या दक्षिणेतला दौरा. परत बेस्ट पिक्चर, आणि समोर परत स्पाइक लीच होता, 'ब्लॅकक्लान्समन' घेऊन. कोणी कोणाची गाडी चालवली की मी हरतो, असं तो स्वतःच त्या रात्री गमतीत म्हणाला होता.

आता 'ग्रीन बुक' टुकार आहे असं मी म्हणत नाहीये. माहेर्शाला अलीने काय काम केलंय! पण मग कळतं की पटकथा लिहिणाऱ्यांत त्या ड्रायव्हरचाच मुलगा आहे, आणि डॉन शर्लीच्या, म्हणजे त्या पियानोवादकाच्या, घरच्यांचं म्हणणं पडलं की असली काही दोस्ती नव्हतीच, मालक आणि नोकर एवढंच नातं होतं. आणि ज्या पुस्तकावरून नाव घेतलं ते ग्रीन बुक, म्हणजे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या काळ्या पोस्टमनने 1936 पासून काढलेली मार्गदर्शिका, काळ्या माणसाला प्रवासात कुठे राहता येईल, कुठे खाता येईल याची यादी, ती सिनेमाभर गोऱ्या ड्रायव्हरच्या हातात. ज्यांनी ती बनवली आणि ज्यांच्या जिवावर ती चालली त्या लोकांबद्दल जवळजवळ काहीच नाही.

तर प्रश्न असा की अशी दोस्ती खरी वाटलेला सिनेमा तुम्ही बघितलाय का? आणि खरी का वाटली तेही सांगा, नुसती नावं नकोत. स्पॉयलर चालतील, यातले बरेचसे सिनेमे आपल्यापेक्षा वयाने मोठे आहेत.

एक आळशी

वाखु (वाचनखूण) साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. रोखठोक अजून कसे आले नाहीत?

कोपऱ्यातली खुर्ची

फुरसतराव, क्लेअर डेनीचा 'शोकोला' बघा, 1988 चा. (ज्युलिएट बिनोशचा चॉकलेटच्या दुकानाचा आहे तो वेगळा, तो 2000 चा. कोणाला सांगितलं की हमखास तोच बघून येतात आणि मग मला विचारतात यात वसाहत कुठे होती.)

गोष्ट कॅमेरूनमधली, फ्रेंचांचं राज्य असतानाची. बाप सरकारी अधिकारी, सतत फिरतीवर. घरात आई, छोटी मुलगी आणि घरकाम करणारा प्रोते. मुलीचं नाव फ्रान्स. हो, देशाचंच. डेनीचं स्वतःचं लहानपण आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत गेलं, त्यामुळे घरातले बारकावे एकदम अचूक आहेत, कोण कुठे उभं राहतं, कोण कोणाकडे बघत नाही, नोकराने अंघोळ कुठे करायची. प्रोते बाहेर उघड्यावर अंघोळ करत असतो आणि तेवढ्यात मालकीण आणि मुलगी परत येतात, तेव्हा तो भिंतीला टेकून रडतो. कोणी त्याला काही बोललेलं नसतं, कोणी मारलेलं नसतं. मी तो प्रसंग बघून कितीतरी वेळ पुढचं बघितलंच नाही.

त्या मुलीची आणि प्रोतेची दोस्ती खरी आहे. तो तिला पावावर मुंग्या लावून देतो आणि ती खाते, दोघांची आपली गंमत. पण ती मुलगी त्याला हुकूम पण सोडते, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही कारण घरात सगळे त्याच्याशी तसंच बोलतात. म्हणजे दोस्ती आणि मालकी एकाच वेळी चालू आहे आणि दोन्ही खरं आहे. हे मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात इतकं नीट बघितलं नाही.

पुढे आईला प्रोतेबद्दल ओढ वाटते, तो नकार देतो, आणि नकाराची शिक्षा म्हणून त्याला घरातून काढून गॅरेजमध्ये टाकतात. मग ती मुलगी तिथे जाते. जनरेटरचा गरम पाइप असतो, ती विचारते भाजतं का, तो काही न बोलता पाइप हाताने धरतो. त्याने धरला म्हणजे गरम नसणार असं वाटून ती पण धरते. तिचा तळवा भाजतो, त्याचाही भाजलेलाच असतो. तिला भाजावं म्हणूनच त्याने ते केलं असं मला वाटतं आणि त्याबद्दल त्याचा राग मात्र येत नाही. तिच्यावर माया होती म्हणूनच बहुतेक केलं. गॅरेजमध्ये काढलेला राग तिला शब्दांत कसा सांगणार होता तो?

तुम्ही विचारलं खरी का वाटते, तर यासाठी, की सिनेमा त्या दोस्तीला माफीचं साधन बनवत नाही. मुलगी मोठी होऊन परत येते तेव्हा तिला कोणी कवटाळत नाही. गाडीत लिफ्ट देणारा काळा माणूस तिला इथलाच वाटतो आणि तो निघतो अमेरिकन, आपली मुळं शोधायला आफ्रिकेत आलेला, आणि त्यालाही इथे कोणी आपलं मानलेलं नाही. तो तिचा हात बघायला घेतो तर तळव्यावर रेषाच नाहीत.

रोखठोक

आलो. आळशीभाऊ, आठवण काढल्याबद्दल आभारी आहे.

खुर्चीताई, तुम्ही सुंदर लिहिता पण मला एक सांगा, हा 'शोकोला' किती लोकांनी बघितला? चित्रपट महोत्सवाला जाणाऱ्या चार टाळक्यांनी, ज्यांना वर्णभेद वाईट आहे हे आधीच माहीत होतं. 'ग्रीन बुक' ज्यांनी बघितला त्यातल्या कित्येकांना काळ्या माणसाला हॉटेलात खोली मिळायची नाही हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल. सिनेमा बघायला जाता की पंचनामा करायला?

1967 चा 'गेस हूज कमिंग टू डिनर' घ्या. आज लोक त्याला हसतात, गोऱ्या मुलीशी लग्न करू पाहणारं सिडनी पॉइटिएचं पात्र इतकं सद्गुणी आहे की देव्हाऱ्यात बसवावं वगैरे. पण काळ बघा ना. गोऱ्या-काळ्यांनी लग्न करणं अमेरिकेच्या 16 राज्यांत गुन्हा होता, ते कायदे रद्द करणारा लव्हिंग खटल्याचा निकाल आला जून 1967 मध्ये आणि हा सिनेमा लागला डिसेंबरमध्ये. त्या वेळी थेटरात बसून हे बघणाऱ्या गोऱ्या म्हाताऱ्यांना 'शोकोला' दाखवला असता तर उठून गेले असते.

आणि सिनेमाने काही होत नाही म्हणणाऱ्यांनी 'अँदिजेन' बघा, रशीद बुशारेबचा, 2006 चा. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेले अल्जीरिया-मोरोक्कोचे सैनिक. मरायला पुढे, बढतीला मागे. जहाजावर एका काळ्या शिपायाला टोमॅटो देत नाहीत, गोऱ्यांसाठी आहेत म्हणून, तिथून ठिणगी पडते. देश स्वतंत्र झाल्यावर फ्रान्सने या लोकांची पेन्शन गोठवून ठेवली होती, सिनेमा आला, राष्ट्राध्यक्ष शिराकनी बघितला आणि सरकारने पेन्शन वाढवली. हजारो म्हाताऱ्यांच्या खात्यात पैसे आले. तुमच्या कलात्मक सिनेमांनी कोणाची पेन्शन वाढवली का?

जाता जाता, शर्लीच्या घरच्यांचं सांगितलंत तर दुसरी बाजू पण सांगा. शर्लीच्या स्वतःच्या आवाजातल्या जुन्या मुलाखती नंतर बाहेर आल्या, त्यात तो म्हणतो की टोनीवर (म्हणजे त्या ड्रायव्हरवर) माझा पूर्ण विश्वास होता आणि आमचं नातं नुसतं मालक-नोकराचं नव्हतं. घरच्यांना सगळं माहीत असतंच असं नाही हो.

दूरदेशी

रोखठोक भाऊंचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे, पेन्शनचा तर आहेच आहे. पण मला वाटतं या चर्चेत आपण सगळे नकळत गोऱ्यांच्या नाहीतर काळ्यांच्या खुर्चीत बसून बोलतोय, आणि आपली खुर्ची तिसरीच आहे. मीरा नायरचा 'मिसिसिपी मसाला' (1991) कोणी बघितला नाही का? मी देशाबाहेर येऊन बरीच वर्षं झाल्यावर बघितला आणि सरळ सांगते, राग आला होता. सिनेमाचा नाही, त्यातल्या काका-मावश्या इतक्या ओळखीच्या निघाल्या त्याचा.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जय हा कंपालातला वकील, जन्म युगांडातला, स्वतःला युगांडाचाच मानणारा. 1972 मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन आशियाई लोकांना देश सोडायला 90 दिवस देतो. जय अमीनविरुद्ध बोलल्यामुळे पकडला जातो आणि त्याचा बालमित्र ओकेलो त्याला लाच देऊन सोडवतो. सोडवल्यावर ओकेलोच त्याला सांगतो की निघ इथून, आफ्रिका आता आफ्रिकनांची, काळ्या आफ्रिकनांची. जयला ते वाक्य असं लागतं की जाताना तो ओकेलोचा निरोपसुद्धा घेत नाही. मग सगळं सोडून मिसिसिपीत, मोटेलमध्ये. तिथे मुलगी मोठी होते आणि डेमेट्रियसच्या (डेन्झेल वॉशिंग्टन) प्रेमात पडते, जो गालिचे साफ करायचा धंदा करतो, आणि मग आपल्या लोकांचं खरं रूप बाहेर येतं. त्याआधी त्याच लोकांनी त्याच डेमेट्रियसला 'आपण सगळे रंगाचे लोक एक' असं गोड गोड ऐकवलेलं असतं, कारण काम करून घ्यायचं असतं. पोरीचं नाव जोडलं गेल्यावर त्याची कामं बंद. बँकेचं कर्ज अडचणीत. आणि गोरे लोक बाजूला मजा बघत.

डेमेट्रियस जयला सुनावतो तो प्रसंग मला पाठ आहे. सारांश असा की तुम्ही कुठून कुठून इथे येता, रंगाने आमच्यासारखेच, आणि आल्या आल्या गोऱ्यांसारखं वागायला लागता. त्यावर जयकडे उत्तर नाही आणि माझ्याकडेही नव्हतं. आमच्या इथल्या गेट-टुगेदरमध्ये 'त्या लोकांच्या एरियात घर नको' हे वाक्य किती सहज बोललं जातं, आणि बोलणारा स्वतःच्या ऑफिसमध्ये प्रमोशन मिळालं नाही की पाच मिनिटांत वर्णभेदावर येतो!

आता वसाहतीचा मुद्दा. इंग्रजांनी 1896 पासून मोंबासाहून आत युगांडाकडे रेल्वे टाकायला हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर नेले, अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. बहुतेक जे वाचले ते परत आले, पण त्यांच्या मागोमाग व्यापारी, कारकून गेले आणि साहेबाने त्यांना मधल्या मजल्यावर ठेवलं. वर गोरा, खाली आफ्रिकन. मधल्या मजल्यावरच्याला वाटतं मी कष्टाने इथवर आलो, आणि खालच्याला रोज दिसतो तो मधलाच, वरचा साहेब दिसतच नाही. अमीन क्रूर होता यात शंका नाही, पण ज्या रागावर त्याने पोळी भाजली तो राग त्याने हवेतून आणला नव्हता. ओकेलोच्या त्या एका वाक्यात ते सगळं आहे आणि जय आयुष्यभर त्याला फक्त विश्वासघात समजत राहतो.

शेवटी जय कंपालाला परत जातो, जप्त झालेल्या मालमत्तेच्या खटल्यासाठी. ओकेलोला शोधतो तर कळतं की तो तेव्हाच, 1972 मध्येच मारला गेला. म्हणजे हा ज्याच्यावर इतकी वर्षं रुसून बसला होता तो माणूस ह्याच्या मागे कदाचित काही दिवसही जगला नाही. फुरसतराव, तुम्ही शीर्षकात विचारलंय किंमत कोण मोजतं, तर इथे दोस्तीसाठी लाच देणारा, जीव धोक्यात घालणारा ओकेलो आहे आणि सिनेमाभर दुःख मात्र जयचं.

फुरसतराव

दूरदेशी, हा मी बघितला होता पण प्रेमकथा म्हणूनच लक्षात राहिला, ओकेलो जवळजवळ विसरलोच होतो. परत बघायला पाहिजे.

रोखठोक, शर्लीच्या मुलाखतींचं मान्य. पण 'गेस हूज कमिंग'चं बघा, त्यात पॉइटिए मुलीच्या आईवडिलांना सांगतो की तुमची परवानगी नसेल तर मी लग्न करणार नाही, आणि हे त्या मुलीला माहीतच नाही! म्हणजे शेवटी सगळा सिनेमा गोरा बाप काय निकाल देतो यावर थांबलाय, आणि निकाल दिला की सगळे जेवायला. 1967 साठी ते धाडस होतं हे खरंच. माझी तक्रार अशी की 2018 मध्ये पण तेच चालू आहे, अजून गोऱ्याचा हृदयपालट हाच क्लायमॅक्स.

शतरंजी

साहेब आणि नेटिव्हच्या दोस्तीवर इतकी चर्चा आणि 'अ पॅसेज टु इंडिया'चं नाव कोणी काढलं नाही? फॉर्स्टरच्या 1924 च्या कादंबरीचा सगळा भार ह्याच प्रश्नावर आहे की हिंदी माणूस आणि इंग्रज मित्र होऊ शकतात का, आणि शेवटी उत्तर येतं ते 'आत्ता नाही, इथे नाही' असं. हिंदी अझीझ आणि इंग्रज फील्डिंग दोघांना मैत्री हवी आहे, पण घोडेसुद्धा वेगळ्या वाटेने वळतात. डेव्हिड लीनने 1984 मध्ये सिनेमा काढला आणि शेवट गोड केला, काश्मीरचे डोंगर, समेट, पत्रातून क्षमा. वर प्रोफेसर गोडबोलेच्या भूमिकेत इंग्रज नट अलेक गिनेस, चेहऱ्याला रंग फासून! 1984 मध्ये! आणि समोर व्हिक्टर बॅनर्जी. हिंदी माणूस मिळाला नाही म्हणावं तर तेही नाही.

त्यापेक्षा अ‍ॅटनबरोच्या 'गांधी'त एक छोटा प्रसंग आहे तो मला प्रामाणिक वाटतो. तुरुंगात गांधीजी आपले इंग्रज पाद्री मित्र चार्ली अँड्र्यूजना सांगतात की तुम्ही आता फिजीचं काम घ्या, इथे आम्ही जे करतोय ते फक्त हिंदी माणसांना जमतं हे आमच्या लोकांना दिसलं पाहिजे. चार्लीला वाईट वाटतं, पण तो जातो. गोऱ्या मित्राने गोष्टीतून बाहेर जायचं आणि तेही मित्राच्या सांगण्यावरून, असं दुसऱ्या कुठल्या सिनेमात बघितलंय का? (खरे अँड्र्यूज फिजीला गेलेच होते, 1915 मध्ये पहिल्यांदा, आणि गिरमिट्यांची, म्हणजे करारावर नेलेल्या हिंदी मजुरांची, अवस्था जगापुढे आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. फिजीतलं गिरमिट 1920 मध्ये संपलं.) गंमत अशी की ह्याच अ‍ॅटनबरोने पाच वर्षांनी 'क्राय फ्रीडम'मध्ये उलटं केलं. दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेदविरोधी काळा नेता स्टीव्ह बिको अर्ध्यातच मरतो आणि उरलेला सिनेमा त्याचा गोरा पत्रकार मित्र देशाबाहेर कसा निसटतो याचा.

आणि आता माझ्या आवडीचा. नाव बघून ओळखलं असेल. 'शतरंज के खिलाडी', सत्यजित राय, 1977. सगळे मिर्झा आणि मीरवर बोलतात, दोन दोस्त बुद्धिबळ खेळत बसतात आणि 1856 मध्ये अवध हातातून जातं. प्रेमचंदांच्या गोष्टीत दोघं शेवटी तलवारी काढून एकमेकांना मारतात. रायनी मारलं नाही, भांडून पिस्तूल झाडून मग परत पट मांडून बसवलं, आता इंग्रजी नियमाने. मला ते मरणापेक्षा जास्त लागतं. पण माझं लक्ष नेहमी कॅप्टन वेस्टनकडे जातं, टॉम आल्टरने केलेला. त्याला उर्दू येतं, नवाबाच्या कविता आवडतात, कंपनीचा रेसिडेंट औट्रम याच्यासमोर तो कौतुकाने ऐकवतो, आणि औट्रम त्याच्याकडे संशयाने बघतो. मग काय होतं? काही नाही. वेस्टन आपली नोकरी करतो. नवाबाची कविता आवडणारा माणूस नवाबाचं राज्य घ्यायला मदत करतो आणि राय त्याला खलनायक पण करत नाहीत. चांगला माणूस आहे, काही उपयोगाचा नाही. अशा चांगल्या साहेबांच्या गोष्टी आपल्याकडे फार कौतुकाने सांगतात, म्हणून बोललो.

नवखी

पहिलाच प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या.

मला फासबिंडरचा 'अली: फिअर ईट्स द सोल' सांगायचा होता, 1974 चा. म्युनिकमधली साफसफाईचं काम करणारी साठीची विधवा एमी आणि तिच्याहून बराच लहान मोरोक्कन कामगार अली, दोघं लग्न करतात. शेजारी, मुलं, दुकानदार सगळे उठतात, मुलगा तर लाथ मारून टीव्ही फोडतो. इथवर अपेक्षित आहे. पण मग ते सुट्टीवर जाऊन येतात आणि अचानक सगळे गोड वागायला लागतात कारण प्रत्येकाचं काहीतरी काम अडलेलं असतं, दुकानदाराला गिऱ्हाईक हवं, मुलाला पोरं सांभाळायला आई हवी. आणि जाच बाहेरून कमी झाला की एमी स्वतः बदलते, अलीला म्हणते इथल्या पद्धती शिक, त्याच्या आवडीचं कुसकुस करत नाही, मैत्रिणींना त्याचे दंड दाबून बघायला देते. सगळ्यात भारी म्हणजे कामावर एक युगोस्लाव बाई नवीन लागते तर बाकीच्या बायका तिला वाळीत टाकतात आणि एमी पण त्यांच्यात सामील, जिला काल ह्याच बायकांनी तसंच बसवलं होतं! दूरदेशी म्हणतात तो मधला मजला इथे पण आहे.

आणि दुसरं असं की दोस्ती वर-खालच्यांतच का शोधायची? दार्देन बंधूंचा 'तोरी अँड लोकिता' (2022) बघा, बेल्जियममधली दोन आफ्रिकन मुलं, एक बेनिनचा एक कॅमेरूनची, कागदपत्रांसाठी भाऊबहीण असल्याचं सांगतात आणि प्रवासात खरंच तसे झालेले असतात. सरकारला पुरावा हवा रक्ताच्या नात्याचा. दोस्ती हे व्हिसा मिळायचं कारण होत नाही. 'इओ कॅपितानो' (2023) मध्ये सेनेगलहून निघालेले दोन भाऊ आहेत, नात्यातले पण वागतात मित्रांसारखे, वाळवंट, लिबियातला छळ, आणि मग सोळा वर्षांच्या पोराला बोट चालवायला लावतात कारण पोराला अटक झाली तर दलाल सुटतात. शेवटी तो आनंदाने ओरडतो मी कप्तान, आणि ज्याला कायदा माहीत आहे त्याच्या पोटात गोळा येतो की हा आता कबुलीजबाब देतोय.

रोखठोक

नवखीताई, स्वागत, पहिला प्रतिसाद असा असेल तर आम्ही जुन्यांनी दुकान बंद करावं.

पण एक विचारतो. सगळ्यांच्या बोलण्यातून असं निघतंय की दोस्ती फसली तरच सिनेमा खरा, आणि जुळली की लगेच खोटा. हे पण एक सोपं सूत्रच झालं ना? 'बॅटल ऑफ अल्जीयर्स' घ्या (1966). त्यात दोस्तीबिस्ती काही नाही, अल्जीरियाची फ्रेंचांविरुद्धची लढाई आहे. आणि बनवलाय कोणी, पाँतेकोर्वो या इटालियनने, अल्जीरियाच्या पैशाने, आणि लढ्यातला खरा नेता सादी यासेफ स्वतः त्यात काम करतो. तरी बाँब फुटायच्या आधी कॅमेरा दूध-आइस्क्रीमच्या दुकानातल्या गोऱ्या गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवरून फिरतो, आइस्क्रीम खाणारं लहान पोर दाखवतो. बाँब ठेवणारी मुलगी ते पोर बघते आणि बाँब ठेवते. कसब्यातले (शहरातल्या जुन्या अल्जीरियन वस्तीतले) मेले तेव्हा जे संगीत वाजतं तेच हे मेले तेव्हा. ह्याला तुम्ही काय म्हणाल? माझ्या मते गळ्यात गळे घालण्यापेक्षा हे अवघड आहे आणि तरी यात माणुसकी आहे.

आणि आपला 'लगान'? एलिझाबेथ भावाच्या विरोधात जाऊन गावकऱ्यांना क्रिकेट शिकवते, सगळं गमावून एकटी परत जाते. गोरीने किंमत मोजली की नाही? गोष्ट 1893 ची आहे, त्याच वर्षी पीटरमारिट्झबर्गला गांधींना डब्यातून उतरवलं होतं, आणि इथे आमचा भुवन साहेबाला मैदानात उतरवतो. आता यात पण खोट काढा.

कोपऱ्यातली खुर्ची

अल्जीयर्सबद्दल शंभर टक्के सहमत, तो माझ्याही यादीत वरच आहे.

'लगान'मधली एलिझाबेथ मला पण आवडते. ती जन्मभर मनाने राधा राहिली असं निवेदक सांगतो, तिला कोणी विचारलेलं नाही पण ठीक आहे. माझी अडचण कचऱ्याची आहे. त्याला संघात घ्यायचं की नाही यावर सगळं गाव बोलतं, वैद्य बोलतात, भुवन मोठं भाषण करतो, आणि कचरा गप्प उभा. खेळायचंय का हे त्याला कोणी विचारतच नाही. फुरसतरावांनी सांगितलेला तो प्रसंग, जिथे वरचा माणूस खालच्यासाठी उभा राहतो, तोच आहे की हा. फक्त इथे गोरा नाही.

फसली तरच खरी असं माझं म्हणणं नाही हो. सेनेगलच्या उस्मान सेम्बेनचा 'ब्लॅक गर्ल' घ्या, 1966 चा, अल्जीयर्सच्याच वर्षीचा. सेम्बेन आधी मार्सेलच्या बंदरात हमाली करायचा, मग कादंबऱ्या लिहिल्या, आणि आपल्या देशातल्या बहुतेकांना वाचता येत नाही म्हणून सिनेमाकडे वळला. दुआना डाकारमध्ये एका फ्रेंच कुटुंबाची मुलं सांभाळते, खूश होऊन मालकिणीला एक मुखवटा भेट देते. ते तिला फ्रान्सला नेतात, तिला वाटतं देश बघायला मिळेल, आणि तिथे फ्लॅटमध्ये धुणं, पुसणं, स्वयंपाक. फ्रान्स म्हणजे तिच्यासाठी स्वयंपाकघर, बाथरूम आणि हॉल. तो मुखवटा तिथे पांढऱ्या भिंतीवर शोभेला टांगलेला. एक दिवस ती तो काढून घेते आणि मालकीण ओढायला लागते, की हा माझा आहे. मी दिला तेव्हा दिला, आता परत घेते, असं म्हणायचा हक्क दुआनाला आहे की नाही, ह्यावरच सगळं भांडण. ती मेल्यावर मालक तिचा पगार घेऊन डाकारला जातो आणि तिची आई पैसे घेत नाही. दोस्तीचा हात पहिल्यांदा दुआनानेच पुढे केला होता, आणि मालकिणीला तो हात आहे हेच दिसलं नाही, तिला ती वस्तू दिसली.

फुरसतराव

हा आजच बघतो. शोकोला त्याच्यानंतर. खुर्चीताई, मुखवट्याचं वाचून परत 'ग्रीन बुक'मधली ती पुस्तिका आठवली, बनवली कोणी आणि हातात कोणाच्या.

दूरदेशी, एक विचारायचं राहिलं, कंपालात परत गेलेल्या जयला ओकेलोचं कळतं तेव्हा तो खटला पुढे चालवतो का? मला आठवत नाहीये.

दूरदेशी

सोडून देतो. घरी बायकोला पत्र लिहितो त्यात सांगतो. बायको किन्नू मात्र ओकेलोला तेव्हाच नीट भेटून निघालेली होती, तिला हे सगळं आधीपासून कळत होतं असं मला वाटतं, पण तिच्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

रोखठोक

काढाच. आणि खुर्चीताई, कचऱ्याचं मान्य आहे, ह्या मुद्द्यावर माघार. 'ब्लॅक गर्ल' किती लांबीचा आहे? मागच्या वेळी तुमचं ऐकून बघायला बसलो तो संपेचना.

कोपऱ्यातली खुर्ची

तासाभराचा आहे.

रोखठोक

मग बघतो. पण आवडला नाही तर इथे येऊन लिहिणार.